चित्रपटलेखकाचा स्वामित्वहक्क : कायदा आणि समीक्षा

मराठीत चित्रपटासाठी लिहिणारा साहित्यिक दुहेरी उपेक्षेचा धनी ठरला. निर्मात्याने त्याला एकरकमी मानधन देऊन मोकळे केले आणि समीक्षेने त्याची पटकथा ‘मागणीवरून केलेले लेखन’ म्हणून बाजूस ठेवली. या दोन्ही वृत्तींच्या मुळाशी एकच गृहीत आहे : जो लिहवून घेतो, लेखन त्याचे.

१९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील सतराव्या कलमाने या गृहीताला आधार दिला. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला; त्याचे लेखन ग. दि. माडगूळकरांचे. पुढे मार्च १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा प्रथम हक्क, विरुद्ध करार नसल्यास, निर्मात्याचा होय. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माडगूळकर निवर्तले. न्या. कृष्ण अय्यर यांनी मात्र सहमती देतानाच, गायकाला या कायद्यात स्थान नसल्याची खंत नोंदविली. गायकांच्या स्वामित्वधनाचा हा प्रश्न लता मंगेशकरांनी साठच्या दशकातच उपस्थित केला होता.

२०१२च्या दुरुस्तीने चित्र पालटले. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य प्रकारच्या वापराचे स्वामित्वधन लेखक व संगीतकार यांना हक्क घेणाऱ्याबरोबर समप्रमाणात मिळावे, आणि हा अधिकार त्यांना करारानेही सोडून देता येऊ नये, अशी तरतूद झाली. आर्थिक जोखीम निर्माताच पत्करतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु चित्रपटगृहातील उत्पन्न कायद्याने या वाटणीबाहेर ठेवले आहे, हे विसरता येत नाही.

तथापि, हक्क सांगण्यासाठी कर्तृत्व आधी सिद्ध व्हावे लागते. कथा कोणाची, पटकथा कोणाची, संवाद कोणी बदलले, याचा पुरावा हस्तलिखितांत, मसुद्यांत आणि करारपत्रांत असतो. ही सामग्री जपणे व तिची चिकित्सा करणे हे संहिताभ्यासाचे, म्हणजेच मराठी विभागांचे कार्य आहे. माडगूळकरांच्या साहित्यकृतींवरील स्वामित्वहक्क २०३७च्या अखेरपर्यंत टिकणार आहे. त्यांच्या पटकथांच्या चिकित्सक आवृत्त्या मात्र अभ्यासक्रमात दिसत नाहीत. कायद्याने लेखकाला लेखक मानले. साहित्याभ्यासाने तेवढे तरी मानावयास हवे.