ग्रीकचा गेटपास

अमेरिकेत जॉन कॅल्हून नावाचा एक पुढारी होऊन गेला. दक्षिण कॅरोलिनाचा. गुलामांचा मालक, गुलामगिरीचा वकील, 1825 ते 1832 देशाचा उपाध्यक्ष, आणि 1804 साली येल कॉलेजातून पास झालेला विद्वान. हा गृहस्थ एकदा जेवता जेवता बोलून गेला म्हणे, की ग्रीक व्याकरण येणारा एक निग्रो मला दाखवा, मग मी मानीन की निग्रो हा माणूस असतो. न्यूयॉर्कमधल्या गुलामगिरीविरोधी कचेरीत पोऱ्याचं काम करणाऱ्या अलेक्झांडर क्रमेल या काळ्या पोरानं वकिलांच्या तोंडून हे ऐकलं. मरेस्तोवर विसरला नाही. म्हातारपणी त्यानं ते जाहीर सांगितलं.

मित्रांनो, ह्या वाक्यातली हलकट गंमत बघा. कॅल्हूनच्याच दक्षिण कॅरोलिनात 1834 च्या कायद्यानं काळ्याला लिहाय-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवला. म्हंजे अगोदर दाराला खिळे ठोकायचे, आणि मग बाहेर उभ्या माणसाला विचारायचं, का रे, तू आत आलेला दिसत नाहीस? आपल्याला हे नवं नाही. आपल्याकडं गौतम धर्मसूत्रानं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतायला सांगितलं, आणि मग दोन हजार वर्षं तोंड वर करून म्हणत राहिले, ह्यांना कुठं येतंय संस्कृत!

क्रमेल पुढं इंग्लंडला गेला. केंब्रिजला तेव्हा ग्रीक आल्याशिवाय पदवी मिळत नसे. 1853 साली त्यानं ती मिळवली. ग्रीक व्याकरण येणारा काळा माणूस हजर झाला. पण कॅल्हून 1850 सालीच मरून गेला होता, आणि जिवंत असता तरी त्यानं दुसरी अट काढली असती. अट घालणाऱ्याची जातच तशी असते.

इंग्लंडला जाण्याआधी क्रमेल ह्याच येलला शिकायला गेला होता. त्याच्या आधी जेम्स पेनिंग्टन गेला होता. पेनिंग्टन गुलाम जन्मला, लोहारकाम शिकला, मालकाच्या तावडीतून पळाला. 1830 च्या दशकात येलनं त्याला वर्गात बसू दिलं, पण बोलायचं नाही, ग्रंथालयातलं पुस्तक घ्यायचं नाही, आणि रजिस्टरात नाव नाही. तो नुसता कान होऊन बसला. 1849 साली जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठानं त्याला डॉक्टरेट दिली. येलला जाग आली 2023 साली. त्या वर्षी येलनं पेनिंग्टन आणि क्रमेल दोघांना पदवी जाहीर केली. पेनिंग्टन 1870 ला गेला, क्रमेल 1898 ला. थडग्यावर मार्कशीट नेऊन ठेवली.

तिसरा माणूस विल्यम स्कारबरो. 1852 साली जॉर्जियात गुलाम आईच्या पोटी जन्मला. कायद्याची नजर चुकवून वाचायला शिकला. 1881 साली त्यानं काय छापलं? ग्रीक भाषेचं क्रमिक पुस्तक. ज्या व्याकरणावरनं ह्यांची माणुसकी मोजायची होती, ते व्याकरण हाच आता गोऱ्या-काळ्यांच्या पोरांना शिकवायला बसला.

1972 साली मुंबईत पँथर निघाली ती ऑकलंडच्या काळ्या पोरांच्या पँथरचं नाव घेऊन. त्यामुळं ही माणसं आपली आहेत, आणि त्यांच्या ग्रीकचा प्रश्नही आपला आहे. प्रश्न असा : जे ज्ञान माणसानं स्वतःच्या हिकमतीवर मिळवलं, वर्गाबाहेर, कामाच्या पाळ्या सांभाळून, ते ज्ञान विद्यापीठ मोजणार का नाही?

गोदीत एक नियम असतो. माल कितीही सच्चा असो, गेटपास नसला तर गेटवर तो चोरीचा. टॅली क्लार्कच्या वहीत नोंद नाही म्हंजे माल जहाजातनं उतरलाच नाही. विद्यापीठांनी ज्ञानाचं हेच करून ठेवलं आहे. मार्कशीट नसलेलं ज्ञान म्हंजे चोरीचा माल.

आज अमेरिकेत कुणी घरी बसून प्राचीन ग्रीक शिकला तर काय होतं ते बघा. शिकायला अडचण राहिलेली नाही. टफ्ट्स विद्यापीठाचा पर्सियस नावाचा प्रकल्प 1980 च्या दशकात सुरू झाला. होमर, प्लेटो, झेनोफन सगळे मुळातून तिथं फुकट मिळतात, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ आणि रूप पुढं येतं. फोनवर येतं. क्रियापदाची ढीगभर रूपं पाठ करायला मास्तराची परवानगी लागत नाही, ढुंगणाला चिकाटी लागते. पण शिकून झाल्यावर?

तिकडं पदवी क्रेडिटवर मोजतात. बी. ए.ला साधारण 120 क्रेडिट. परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोयही आहे. 1967 पासून क्लेप नावाची परीक्षा आहे. कुठं शिकलास हे ती विचारत नाही. पण तिच्यात भाषा आहेत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. ग्रीक नाही. शाळकरी पोरांसाठी कॉलेजच्या तोडीची दुसरी परीक्षा आहे, तिच्यात लॅटिन आहे, ग्रीक नाही. मग उरतं काय? त्या-त्या कॉलेजातल्या विभागाचं दार. तिथं जाऊन सांगायचं, साहेब, मला येतं, तपासा. काही ठिकाणी तपासतात, न पाहिलेला उतारा समोर टाकतात, भाषांतर करून घेतात. पास झालास तर पुष्कळदा सांगतात, ठीक, तू पहिल्या वर्गात बसू नकोस, वरच्या वर्गात बस. म्हंजे भाषेची अट सुटली, पण क्रेडिट शून्य. काही ठिकाणी वरचा वर्ग फी भरून पास केलास तर मागच्या वर्गाचं क्रेडिट देतात. आणि एवढं करून वर आणखी एक अट असतेच, की पदवीचा पाव हिस्सा तरी आमच्याकडेच शिकलेला पाहिजे.

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी राज्यांनी 1970 च्या सुमाराला वेगळी कॉलेजं काढली, कामगारांसाठी, सैनिकांसाठी, ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं त्यांच्यासाठी. त्यांचं म्हणणं साधं होतं : काय येतं ते दाखवा, कुठं शिकलात ते राहू द्या. पण ही कल्पना त्यांचीही नव्हे. 1858 साली लंडन विद्यापीठानं कॉलेजात बसण्याची सक्ती काढून टाकली. पेपर लिहा, पास व्हा, पदवी घ्या. बायकांना मात्र त्यासाठी आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. आपलं मुंबई विद्यापीठ 1857 साली ह्याच लंडनच्या धर्तीवर निघालं. लंडननं हजेरीची अट टाकून दिली. आपण मस्टर कवटाळून बसलो.

आता कुणी म्हणेल, ग्रीक शिकून भाकरी मिळते का? आपल्या पोरांना ग्रीकशी काय घेणं?

घेणं आहे. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला पुढं नाव दिलं मिलिंद. मिलिंद कोण? मिनँडर, ग्रीक राजा. नागसेन भिक्खूला प्रश्न विचारून विचारून दमला आणि शेवटी ज्यानं मान्य केलं, तो. कंदाहारला अशोकाचा शिलालेख सापडला 1958 साली, ग्रीक आणि अरामाईक भाषेतला. धम्म हा शब्द ग्रीकात कसा सांगावा हा विचार अशोकाच्या माणसांनी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी केला. कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी खांब दान दिले, त्यांची नावं दगडावर आहेत. बुद्धाचा माणूस ग्रीकापुढं उभा राहिला तो बरोबरीनं बोलायला. आपल्या इतिहासाचं एक कुलूप ह्या भाषेत आहे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात का ठेवायची?

आणि भाकरीचा हिशोबच काढायचा तर फक्त आमच्याच पोरांना का विचारता? ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या लाटसाहेबांना शेकडो वर्षं ग्रीक शिकवलं, तेव्हा कुणी विचारलं नाही भाकरी मिळते का. त्यांना राज्य मिळत होतं.

एल्फिन्स्टन हायस्कुलात शाळकरी भीमरावाला संस्कृत घेऊ दिलं नाही. फारसी घ्यावी लागली. पुढं ते संस्कृत शिकलेच. पाली शिकले, पालीचा शब्दकोश तयार केला, तो सरकारनं त्यांच्या ग्रंथांच्या सोळाव्या खंडात छापला. त्या संस्कृतचे, त्या पालीचे मार्क कुठल्या मार्कशीटवर आहेत? दाखवा. जगातल्या मोठाल्या विद्यापीठांच्या पदव्या ज्या माणसाकडं होत्या, त्याचंही अर्धं ज्ञान गेटपासशिवायचं होतं. मग आमच्या चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या पोरांची काय कथा.

सरकार म्हणेल, आम्ही सोय केलीय. केलीय खरी. 2023 साली राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. 30 तासांचा अभ्यास म्हंजे 1 क्रेडिट, वर्षाचे 1200 तास म्हंजे 40 क्रेडिट. आधी शिकलेलं, अनुभवातून शिकलेलं मोजू, असं कागदावर लिहिलं आहे. चांगलं लिहिलं आहे. पण आजवर ह्या 'आधी शिकलेल्या'चं काय केलं ते बघा. कौशल्य योजनेत गवंड्याला बोलावलं, थापी मारता येते का बघितलं, सर्टिफिकेट दिलं. वेल्डरला दिलं, सुताराला दिलं. त्यात वाईट काही नाही, मिळालंच पाहिजे. आमची तक्रार वेगळी आहे. कामगाराचे हात मोजायला तुमच्याकडं फूटपट्टी आहे. कामगाराचं डोकं मोजायची वेळ आली की तुम्हाला फूटपट्टी सापडत नाही. वीट रचणारा तोच माणूस रात्री पाली वाचत असेल, फारसी वाचत असेल, ग्रीक वाचत असेल, हे तुमच्या योजनेच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. ह्यालाच आम्ही वर्णव्यवस्था म्हणतो. ती फॉर्मच्या रकान्यात जाऊन बसली आहे.

आपल्यातले काही जण म्हणतात, कशाला पाहिजे त्यांचा शिक्का? जाळा ती सर्टिफिकिटं. मित्रांनो, जाळायला आधी कागद हातात यावा लागतो. एमपीएससीच्या फॉर्मवर पदवी लागते, कविता चालत नाही. मॅट्रिक आणि ग्रॅज्युएट ह्यांच्या पगारातला फरक आईच्या औषधात मोजला जातो. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या फ्रेम करून लावल्यात, त्यांनी पदवी फोल आहे म्हणावं. आपल्याला ती चैन परवडत नाही.

दुसरी सूचना आपल्याच पोरांना. एकट्यानं शिकणाऱ्याला चूक दाखवणारं कुणी नसतं. उच्चार चुकतो, व्याकरणात भोकं राहतात, आवडतं तेवढं वाचलं जातं. म्हणून परीक्षा कडक पाहिजे. वर्गात बसलेल्याला जो पेपर, तोच पेपर आम्हाला. सवलत नको, पेपर द्या.

आणि एक धोका उघड्या डोळ्यांनी बघा. 'घरी शिका, परीक्षा द्या' हे वाक्य सरकारलाही फार आवडतं, कारण त्यात मास्तरचा पगार वाचतो. 2021 साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठानं ग्रीक-लॅटिनचा विभाग मोडीत काढायचा निर्णय घेतला. काळ्यांसाठी निघालेल्या विद्यापीठांत असा स्वतंत्र विभाग तेवढा एकच उरला होता. आता सांगा, एकलव्यानं शिकून यावं, पण पेपर तपासायला विभागच नसला तर? एकट्यानं शिकणाऱ्याच्या क्रेडिटलाही कुणीतरी पगारी मास्तर जिवंत असावा लागतो. म्हणून वर्ग हवेत, वसतिगृहं हवीत, स्कॉलरशिप वेळेवर हवी, आणि त्याशिवाय हे दार हवं. एकाच्या बदल्यात दुसरं आम्ही घेणार नाही.

आमच्या मागण्या ह्या :

विद्यापीठ जी भाषा शिकवतं, पाली, संस्कृत, फारसी, ग्रीक, जी असेल ती, तिची परीक्षा वर्षातून एकदा कुणालाही देता आली पाहिजे. कुठं शिकलात हा रकाना फॉर्मवर नको.

फी एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त नको. परीक्षा सुट्टीच्या दिवशी घ्या, पाळी बुडवायला लावू नका.

उत्तरपत्रिकेवर नंबर असावा, नाव-आडनाव नको. तोंडी परीक्षा असेल तर दोन परीक्षक, आणि प्रश्न-उत्तरं लिहून ठेवलेली.

पास झालेल्याला पूर्ण क्रेडिट मार्कशीटवर मिळालं पाहिजे. 'वरच्या वर्गात बसा' ही बोळवण चालणार नाही.

कॉलेजात शिकणाऱ्या मित्रांनी हे अंक घेऊन आपापल्या भाषा विभागाच्या प्रमुखाकडं जावं आणि लेखी विचारावं : बाहेर शिकलेल्याची परीक्षा घेता का? घेत नसाल तर कुठल्या नियमानं? उत्तर आलं तर छापू. नाही आलं तर नाही आलं असं छापू. आणि जी पोरं कामावरनं येऊन दिव्याखाली कुठलीही भाषा शिकतायत, त्यांनी आम्हाला लिहावं. एकेकटे शिकतो म्हणून एकेकटेच नापास होतो. दहा जण एकत्र फॉर्म मागायला गेले तर कारकुनाला फॉर्म छापावा लागेल.

क्रमेलनं सत्तर वर्षं ओलांडली तरी येलनं कागद दिला नाही. पेनिंग्टनला दिला तो मेल्यावर दीडशे वर्षांनी. आम्हाला तेवढी वाट बघायची नाही. कागद जिवंतपणी पाहिजे.

जयभीम.