प्रमाणपत्राबाहेरचा गाळा

मिरा-भाईंदरच्या औद्योगिक वसाहतींत शिवला जाणारा कपडा बहुधा दुसऱ्याच्याच नावाने विकला जातो. हे शहर ओळखले जाते ते स्टीलच्या भांड्यांसाठी. पण भाईंदर पूर्वेच्या आणि काशिमिऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांत शिलाईची लहान युनिटेही चालतात. दहा-वीस मशिने, दोन-तीन ओव्हरलॉक, काज-बटणाचे एखादे यंत्र, कोपऱ्यात इस्त्रीचे टेबल एवढाच पसारा. कापड गाळेवाल्याचे नसते, नमुना त्याचा नसतो, लेबलही त्याचे नसते. त्याची फक्त शिलाई, तीही नगावर. व्यापारी किंवा निर्यातदार कापलेली बंडले टेम्पोने पाठवतो आणि तयार माल उचलून नेतो. 'सेंद्रिय कापूस' किंवा 'पुनर्वापराचा धागा' असे लेबल कपड्याला टाचले जाते ते अशाच एखाद्या मशिनवर. त्या लेबलाला आधार देणाऱ्या कागदपत्रांत मात्र या जागेचे नाव सापडेलच, याची खात्री नाही. कपड्याच्या शाश्वततेची चर्चा शेतावर सुरू होते आणि ब्रँडच्या दुकानात संपते. मधला गाळा तिच्यात क्वचितच येतो आणि नेमकी तिथेच ही व्यवस्था सर्वांत कच्ची आहे.

प्रमाणन हे मुळात हिशेबाचे काम आहे. सेंद्रिय कापूस आणि साधा कापूस डोळ्यांना आणि हातांना सारखाच. म्हणून मालाची पारख करण्याऐवजी त्याच्या प्रवासाची नोंद ठेवली जाते. सेंद्रिय कापडासाठी जगभर सर्वाधिक मान्यता असलेल्या 'गॉट्स' मानकात किमान 70 टक्के सेंद्रिय तंतू लागतात. टक्केवारी न सांगता नुसते 'सेंद्रिय' म्हणवून घ्यायचे तर 95 टक्के. पुनर्वापराच्या 'जीआरएस' मानकाची किमान अट 20 टक्क्यांची, आणि ग्राहकापर्यंत जाणाऱ्या कपड्यावर चिन्ह छापायचे तर 50 टक्क्यांची. दोन्हीकडे कागद दोन प्रकारचे असतात. एक प्रमाणपत्र कारखान्याला मिळते: इथे असा माल बनू शकतो, एवढेच ते सांगते. दुसरे दर व्यवहाराला निघते: इतक्या किलोचा माल याच्याकडून त्याच्याकडे गेला. जिनिंगपासून सूतगिरणी, विणाई, रंगाई, शिलाई अशा प्रत्येक विक्रीला हा दुसरा कागद निघाला पाहिजे आणि आधीच्या कागदातले वजन पुढच्यात जुळले पाहिजे.

वजन जुळवणे म्हणजे काय, हे एका क्विंटलवर पाहता येते. शंभर किलो कापसातून सरकी वेगळी केली की साधारण 34 किलो रुई उरते. विंचरलेले सूत काढायचे असेल तर तिचा चौथा-पाचवा हिस्सा गिरणीतच गळतो. विणाई-रंगाईत आणखी काही घट येते आणि कापणीच्या टेबलावर दहा-पंधरा टक्के चिंधी पडते. हाती येते वीस-बावीस किलो तयार कपडा, म्हणजे मध्यम वजनाचे सव्वाशेच्या आसपास टी-शर्ट. कागदावर एका क्विंटलचे तीनशे टी-शर्ट झाले असतील तर उरलेले कुठून आले, हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. सेंद्रियमध्ये न चालणारा, जनुकीय बदल केलेला कापूस ओळखण्याची आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धत 2019 पासून उपलब्ध आहे, पण तिचा उपयोग रासायनिक प्रक्रिया न झालेल्या मालापुरताच. ब्लीच आणि रंगाच्या हौदातून कापड गेल्यावर डीएनए इतका तुटतो की चाचणीवर भिस्त ठेवता येत नाही. त्यापुढे उरतो तो फक्त हिशेब.

आणि हिशेब खोटा लिहिता येतो. ऑक्टोबर 2020 मध्ये 'गॉट्स'नेच भारतातला मोठा गैरव्यवहार उघड केला. सुमारे 20 हजार टन कच्च्या कापसाची व्यवहार-प्रमाणपत्रे बनावट निघाली आणि 11 कंपन्यांवर बंदी आली. त्यातली युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. खोट्या प्रमाणपत्रावर क्यूआर कोड होता आणि तो स्कॅन केला की सरकारी यंत्रणेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत असे. पडताळणीची सोयच फसवणुकीला कामी आली. आज 'क्यूआर कोड लावला आहे' एवढ्यावर जे समाधान मानतात त्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे. अशा बनावटीला जागा का मिळते, हेही उघड आहे. भारतात जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातल्या कापूसक्षेत्राचा 90 टक्क्यांहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. यवतमाळ किंवा अकोल्याच्या शेतकऱ्याने सेंद्रिय कापूस घ्यायचा ठरवले तरी बिगर-बीटी बियाणे मिळवण्यापासून त्याची ओढाताण सुरू होते. बांधापलीकडून परागकण येतात, जिनिंगमध्ये आधीच्या मालाची रुई यंत्रात राहिलेली असते. खरा माल थोडा आणि लेबलाची मागणी मोठी, अशी ही कोंडी आहे.

काही योजनांनी ही कोंडी वेगळ्या मार्गाने सोडवली. 'बेटर कॉटन'मध्ये बरीच वर्षे नियम असा होता की प्रशिक्षित शेतकऱ्यांनी जितका कापूस पिकवला तितक्याच कापसाचे श्रेय पुढे विकायचे. प्रत्यक्ष रुई कुणाच्या गिरणीत गेली हे पाहायचे नाही. शेतकऱ्याला मदत पोहोचवण्यासाठी ही रीत चुकीची नाही, पण तिच्यावरून हातातल्या सदऱ्याबद्दल काहीच सांगता येत नाही. या संस्थेने 2023 अखेरीस प्रत्यक्ष मालाचा माग ठेवण्याची सोय सुरू केली, यातच जुन्या पद्धतीची मर्यादा मान्य केलेली दिसते.

माणसांच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र तर याहून ठिसूळ ठरले आहे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला 'एसए 8000' हे कामगारहिताचे प्रमाणपत्र मिळाले आणि काही आठवड्यांतच, 11 सप्टेंबर 2012 रोजी, तिथल्या आगीत अडीचशेहून अधिक माणसे गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. पुढच्या वर्षी 24 एप्रिलला ढाक्याजवळचे राणा प्लाझा कोसळले आणि 1,100 हून अधिक कामगार दगावले. त्या इमारतीतल्या कारखान्यांचीही सामाजिक तपासणी झालेली होती. इमारत किती मजले पेलू शकते, हा प्रश्न त्या तपासणीच्या कक्षेतच नव्हता. तपासनीस जे विचारतो तेवढेच प्रमाणपत्र सांगते. मिरा-भाईंदरच्या गाळ्यात दाराशी रचलेल्या गाठोड्यांबद्दल त्याने विचारले नाही, तर ती गाठोडी कागदावर नसतात.

हे सारे आजवर ब्रँडच्या मर्जीचे होते. आता त्यात कायदा शिरला आहे. अमेरिकेने जून 2022 पासून चीनमधल्या शिंजियांगच्या कापसाचा अंश असलेला माल सक्तीच्या मजुरीचा मानून अडवायला सुरुवात केली. माल तसा नाही हे आयातदाराने सिद्ध करायचे. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जानेवारी 2023 पासून लागू झाला. युरोपीय संघाचा उत्पादनांच्या शाश्वत रचनेचा कायदा जुलै 2024 मध्ये अमलात आला. त्यात वस्तूला 'डिजिटल पासपोर्ट' जोडण्याची तरतूद आहे आणि कपडे हे त्यातल्या अग्रक्रमाच्या वस्तूंपैकी एक आहेत. मोठ्या कंपन्यांवरील काटेकोर जबाबदारीच्या कायद्याबाबत युरोपने नंतर पाय मागे घेतला, मुदती पुढे ढकलल्या. त्यावरून आपल्याकडच्या काही निर्यातदारांनी सुस्कारा सोडला असेल, तर तो घाईचा आहे. पासपोर्टची तरतूद कायम आहे. देशातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असले शब्द पुराव्याशिवाय वापरणे त्यांना मंजूर नाही. म्हणजे परदेशी न जाणारा, दादर किंवा बोरिवलीच्या दुकानात विकला जाणारा सदराही आता या प्रश्नाबाहेर नाही.

सरकारने केलेले काम शेताच्या टोकाला आहे. 'कस्तुरी कॉटन भारत' या नावाने भारतीय कापसाची ओळख घडवण्याची घोषणा 2020 च्या जागतिक कापूस दिनी झाली. 'टेक्सप्रोसिल' ही मुंबईतली निर्यात परिषद आणि बेलापूरला मुख्यालय असलेले भारतीय कापूस महामंडळ यांच्याकडे ती योजना आहे. गाठींना क्यूआर कोड लावला जातो आणि नोंदी ब्लॉकचेनवर ठेवल्या जातात. राज्याच्या 2023 ते 2028 च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच 'शाश्वत' हा शब्द आहे आणि महाराष्ट्रातल्या कापसापैकी राज्यातच प्रक्रिया होणारा वाटा 30 वरून 80 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत पीएम मित्र पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली. हे सगळे स्वागतार्ह आहे. परंतु 170 किलोची गाठ फुटली, तिचे सूत झाले, ते भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागावर चढले आणि ग्रे कापड प्रक्रियेला गेले की गाठीवरचा कोड मागे पडतो. रंगाई ही साखळीतली सर्वांत पाणीखाऊ आणि प्रदूषक पायरी. भाईंदरच्याच रेल्वेमार्गावर उत्तरेला असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा वाद मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला आणि 2022 मध्ये लवादाने उद्योगांवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकली. कापूस सेंद्रिय असून भागत नाही.

गाळ्यात हिशेब तुटतो कसा, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रत्येक बंडलाला एक तिकीट असते: नमुना, साइज, शेड, नग. शिवताना एखादी बाही डागाळली किंवा कमी पडली तर बदली तुकडा लागतो. तो त्याच ताग्यातून कापला गेला पाहिजे, पण ताग्याचे कापड व्यापाऱ्याकडे असते आणि माल संध्याकाळी द्यायचा असतो. मग टेबलाखालच्या जुन्या लॉटमधून शेड जुळणारा तुकडा शोधला जातो. कुणाची लबाडी नसते, पण त्या सदऱ्याची एक बाही हिशेबाबाहेरची झालेली असते. हंगामात काम अंगावर आले की बंडले शेजारच्या गाळ्यात जातात. धागे काटणे, बटणे लावणे ही कामे घरोघरी जातात. 'गॉट्स'च्या नियमाप्रमाणे असा प्रत्येक उपठेकेदार तपासणीच्या कक्षेत असायला हवा. निर्यातदार तो दाखवत नाही, कारण दाखवला तर त्याच्या तपासणीचा खर्च येतो. सरकारी नोंदीतही हा गाळा पुसट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितेनुसार विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला 20 कामगार लागतात. अठरा कामगारांचा गाळा त्या व्याख्येत बसत नाही, आणि त्याचे आश्चर्यही वाटू नये.

तरीही या गाळ्याचा एक कागद आजही नियमाने बनतो, तो म्हणजे जीएसटीचे डिलिव्हरी चालान. जॉबवर्कसाठी माल पाठवताना ते लागते. कायद्याच्या कलम 143 नुसार कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो आणि एका जॉबवर्करकडून माल दुसऱ्याकडे गेला तर तेही चालानावर नोंदवता येते. धाडणाऱ्याने आयटीसी-04 या विवरणात हा हिशेब सरकारला द्यायचा असतो. म्हणजे माल कुठून कुठे गेला याची साखळी करखात्यासाठी लिहिली जातेच. तिच्यात नाही तो फक्त लॉटचा क्रमांक आणि व्यवहार-प्रमाणपत्राचा क्रमांक. हे दोन रकाने जोडण्यासाठी ब्लॉकचेन लागत नाही. गाळेवाल्याला इंग्रजी संकेतस्थळावर दुसरे खाते उघडायला लावण्यापेक्षा जे चालानबुक त्याच्या खणात आहे तेच वापरणे शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न तपासणीच्या खर्चाचा. इथे शेतीतली एक रीत उपयोगी पडते. सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 25 ते 500 शेतकऱ्यांचा गट एकत्र प्रमाणित होतो: गटाची स्वतःची अंतर्गत तपासणी असते आणि बाहेरची संस्था नमुन्यादाखल काही शेते पाहते. एकेकट्या दोन एकरवाल्याला प्रमाणपत्र परवडत नाही म्हणून ही सोय आहे. एका औद्योगिक वसाहतीतल्या वीस-पंचवीस गाळ्यांचा असा गट का होऊ नये? नोंदी ठेवणारा एक माणूस, एक सामाईक लॉट-नोंदवही, चिंधीच्या वजनाची एकत्र नोंद, आगीपासून सुरक्षिततेची एकच तपासणी. वस्त्रोद्योग समिती प्रभादेवीला आहे, कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था 'सिरकॉट' माटुंग्याला. दोन्ही लोकलच्या अंतरावर. अग्निसुरक्षेचा भाग महापालिकेच्या अधिकारातला आहेच. गटपद्धतीत खोट नाही असे मात्र नाही. आपले नाव सेंद्रिय गटात आहे हेच शेतकऱ्यांना ठाऊक नाही, अशा तक्रारी मध्य प्रदेशातून झाल्या आहेत. गाळ्यांच्या गटाची यादी म्हणूनच उघड असावी, गाळेवाल्याची सही आणि त्याच्या कामगारांची संख्या यांसह, म्हणजे कागदी गाळे निर्माण होणार नाहीत.

राहिला पैसा. प्रमाणित मालासाठी ब्रँड जादा किंमत घेतो, निर्यातदाराला तिचा काही भाग मिळतो, पण शिलाईचा नगावरचा दर प्रमाणित आणि साध्या मालाला सारखाच ठेवण्याकडे कल असतो. वेगळे टेबल, वेगळी रॅक, नोंदी लिहिणारा माणूस आणि बदली तुकड्यासाठी थांबलेली मशिने यांचा भार मग गाळेवाल्यावर पडतो आणि तो कामगाराच्या दरातून वसूल होतो. माग ठेवण्याचा खर्च ऑर्डरच्या कागदावर शिलाईपासून वेगळा, नगाला इतके पैसे असा लिहिण्याची अट मानके ठरवणाऱ्या संस्था घालू शकतात. आपल्या नियमावलीत मजुरी आणि कामाच्या तासांच्या अटी त्यांनी आधीच घातलेल्या आहेत. राज्याच्या धोरणातल्या सवलतींचा लाभ घेणाऱ्या निर्यातदारांना वस्त्रोद्योग विभागही हीच अट घालू शकतो, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.