गाडी तापते, पण कधी?

बिकानेरहून नागौरमार्गे जोधपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६२ म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरचा बहुतांशी सरळ, सपाट रस्ता. गेल्या मे महिन्यात याच रस्त्यावर माझ्या नऊ वर्षांच्या पेट्रोल गाडीने मला तीनदा थांबायला लावलं. गावात, बाजारात, रेल्वे फाटकावर एसी लावून उभी असली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नसे. हायवेवर १०० चा वेग धरला की मात्र पंधरा-वीस मिनिटांत काटा वर सरकू लागायचा. वेग ६० वर आणला की मुकाट्याने खाली यायचा.

पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्याने फॅनची मोटर. तिसऱ्याने 'हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल' असं सांगून ३५,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. तिघांपैकी एकानेही गाडी हायवेवर नेली नाही. उभ्या गाडीचं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं इंजिन ऐकलं आणि निदान तयार.

माझं स्पष्ट मत आहे की याला दुरुस्ती म्हणत नाहीत. हा पार्ट बदलून बघण्याचा जुगार आहे, आणि पैसे लावणारे आपण असतो. प्रबोधिनीच्या दिवसांपासून आम्हाला 'अप्रिसिएशन' घोटवून घेतात: आधी हेतू, मग घटक, मग पर्याय, शेवटी निर्णय. मी मात्र स्वतःच्या गाडीच्या बाबतीत दोनदा थेट निर्णयाचे पैसे भरले आणि तिसऱ्यांदा भरायला निघालो होतो.

वाचवलं ते ईएमईमधून निवृत्त झालेल्या एका सुभेदार साहेबांनी. गावाबाहेर त्यांचं छोटं गॅरेज आहे. माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "सर, गरम होती है, वो तो ठीक है. कब होती है?"

या 'कब'मध्ये निम्मं निदान असतं. उभी गाडी तापत असेल तर संशय फॅनवर, कारण तेव्हा रेडिएटरला वारा देणारं दुसरं कुणी नसतं. शंभरच्या वेगात समोरचा वाराच फॅनचं काम करतो. म्हणजे माझी फॅनची मोटर बदलणं बिनकामाचं होतं. वेगात प्रश्न वाऱ्याचा कमी आणि उष्णतेच्या प्रमाणाचा जास्त. ६० वरून १०० वर गेलं की हवेचा रोध पावणेतीनपट होतो आणि त्याला पुरून उरण्यासाठी लागणारी शक्ती साडेचारपटीहून जास्त. तेवढं पेट्रोल जास्त जळतं, आणि जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कूलंटमध्ये उतरते. अर्धवट तुंबलेला रेडिएटर गावातली उष्णता सहज बाहेर टाकतो. हायवेवर त्याची ताकद अपुरी पडते.

सुभेदार साहेबांनी आधी माझ्यासोबत तीस किलोमीटर गाडी पळवली. ओबीडीच्या सॉकेटला स्कॅनर लावून खरा आकडा बघितला, कारण बऱ्याच गाड्यांचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तो हलतो तोवर उशीर झालेला असतो. (अनेक छोट्या गाड्यांत तर आता काटाच नसतो, नुसता लाल दिवा. ही काटकसर मला अजिबात पटलेली नाही.)

परत आल्यावर एकेक शक्यता खोडत गेले, स्वस्तापासून महागाकडे. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वाळू आणि भुसा अडकलाय का? थोडा होता, धुतला. झाकण दाब धरतंय का? बंद यंत्रणेतला दाब एका बारने वाढला की साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकण ढिलं असेल तर हा फायदा हातचा जातो. झाकण ठीक होतं. इंजिन ३,००० फेऱ्यांवर धरलं की खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने आत चेपतोय का? नव्हता. गॅस्केटची गळती कधीकधी अशीच वेगात आधी दिसते, म्हणून तीही सोडली नाही. कूलंटमध्ये जळलेला वायू येतोय का, याची रंग बदलणाऱ्या द्रावाने चाचणी केली. स्वच्छ. म्हणजे ३५,००० रुपये वाचले.

शेवटी गरम इंजिन बंद करून इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवरून फिरवला. खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा थंड. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं.

गुन्हेगार मीच निघालो. दोन उन्हाळ्यांपूर्वी होजची क्लिप ढिली होऊन कूलंट गळलं, तेव्हा नागौरजवळच्या ढाब्यावर बोअरचं खारं पाणी भरलं होतं. नंतर 'बघू निवांत' म्हणत तसल्याच पाण्याने पातळी राखत राहिलो. क्षारांनी नळ्या लिंपून टाकल्या. नवा रेडिएटर आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट घातल्यापासून गाडी गप्प आहे.

पण बिलापेक्षा मला टोचलं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी एका डोंगराळ भागातल्या पोस्टिंगवर एका ड्रायव्हरने येऊन सांगितलं होतं की त्याची गाडी लोड घेऊन चढावर तापते. मी ती एमटी लाइन्समध्ये अर्धा तास चालू ठेवून तपासून घेतली. काटा हलला नाही. 'फिट' असा शेरा मारला आणि मनात म्हटलं, पोराला डिटेलवर जायचं नाहीये. तिसऱ्या दिवशी कॉन्व्हॉयमध्ये, अरुंद घाटात, तीच गाडी उकळली. मागचा सगळा कॉलम चाळीस मिनिटं खोळंबला. ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही.

आपल्याकडे फर्स्ट परेड आणि लास्ट परेडच्या मध्ये हॉल्ट परेड ठेवली आहे ती उगाच नाही. गाडी चालून आलेली असते, गरम असते, तेव्हाच हब, टायर, पाइप बघायचे. जो दोष ओझ्याखाली दिसतो, तो ओझ्याखालीच तपासायचा. हे मला माहीत होतं. तरीही मी उभ्या गाडीच्या भरवशावर चालवणाऱ्याला खोटं ठरवलं, आणि पुढे गॅरेजवाल्यांनी माझ्या बाबतीत तेच केलं तेव्हा मला राग आला.

म्हणून गॅरेजमध्ये जाल तेव्हा 'गाडी तापते' एवढंच सांगू नका. कोणत्या वेगाला, किती वेळाने, एसी चालू होता का, चढ होता का, कशाने उतरली, हे कागदावर लिहून न्या. मेकॅनिक चालवून बघायला तयार नसेल तर दुसरा शोधा. वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, वेग कमी, मग कडेला थांबा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नका.

त्या ड्रायव्हरला परवा फोन केला. तो आता नायक झालाय, दूर दुसऱ्या युनिटमध्ये आहे. गाडी त्याला लगेच आठवली. "वो रेडिएटर ही था, सर," तो म्हणाला, "बाद में बदला." तेव्हा राहिलेली माफी मी या वेळी मागितली.