चवदार तळ्याची शंभरी आणि पडद्यावरचा इतिहास

अमेरिकेने आपला इतिहास माहितीपटांतून घराघरांत नेला. त्यातले बरेचसे मराठी प्रेक्षकानेही पाहिले. परंतु महाडच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होत असताना त्याच तोडीचा दस्तावेज मराठी पडद्यावर का नाही, हा प्रश्न उत्सवाच्या आखणीआधी विचारला गेला पाहिजे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेची २५० वर्षे ४ जुलै २०२६ ही तारीख धरून मोजली जातात. त्या निमित्ताने केन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘दि अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही सहा भागांची, सुमारे बारा तासांची मालिका नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सार्वजनिक प्रसारण सेवेवर, म्हणजे ‘पीबीएस’वर, दाखवण्यात आली. तिच्यावर जवळपास दहा वर्षे काम चालले होते. म्हणजे वर्धापनाचा मांडव घालण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी कागदपत्रे उलगडून बसले होते. महाराष्ट्रात मात्र शताब्दी म्हटली की समिती, स्मारक, रोषणाई आणि अभिवादन असा क्रम ठरून गेला आहे. या क्रमात संशोधनावर उभा असलेला माहितीपट क्वचितच दिसतो.

अमेरिकी इतिहास मराठी घरांत दूरचित्रवाणीमुळेच आला असे मात्र नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी जनतेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने जाणाऱ्या अर्जाबद्दल त्यांना कुतूहल होते. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. उपग्रह वाहिन्यांनी या जुन्या ओळखीला चित्रे पुरवली. ‘डिस्कव्हरी’ भारतात १९९५ मध्ये आली, त्यानंतर ‘नॅशनल जिऑग्राफिक’ आणि ‘हिस्टरी’ आल्या. लिंकन, केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग, चंद्रावर उतरलेले अपोलो यान हे सारे शहरी मराठी प्रेक्षकाला डोळ्यांसमोर दिसू लागले. मात्र मुंबई-गोवा महामार्गावरच्या महाडमध्ये १९२७ मध्ये नेमके काय घडले, हे सांगण्यासाठी त्याच प्रेक्षकाला पाठ्यपुस्तकातला परिच्छेद आठवावा लागतो.

घटना मुळातच माहितीपटाच्या ताकदीची आहे. सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा ठराव केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, तसेच सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांनी खटपट करून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवली. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचा जनसमुदाय डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद पुन्हा भरली तेव्हा जागा दिली ती फत्तेखान यांनी. सवर्णांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवल्यामुळे तळ्यावर जाणे स्थगित झाले. मात्र २५ डिसेंबर रोजी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. अध्यक्षीय भाषणात डॉ. आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली होती.

कथा येथे संपत नाही, पण सांगणारे बहुधा येथेच थांबतात. मनाईहुकूम ज्या दाव्यात मिळाला तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. त्यांना तळ्यापासून दूर ठेवणारी प्रथा अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. निकाल देणाऱ्या खंडपीठात होते न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच. रस्त्यावरचा लढा आणि न्यायालयातला लढा यांचा असा दुहेरी गोफ क्वचितच मिळतो.

या घटनेशेजारी अमेरिकेतील सेल्मा ठेवून पाहावे. अलाबामा राज्यातील या गावात ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चावर पोलिसांनी पुलावर लाठ्या चालवल्या. त्या रात्री ‘एबीसी’ वाहिनीने नाझींवरील खटल्याचा चित्रपट मध्येच थांबवून ती दृश्ये दाखवली आणि देश हादरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी झाली. महाड हे सेल्माच्या ३८ वर्षे आधीचे. तेथे वाहिन्यांचे कॅमेरे नव्हते. होते ते ‘बहिष्कृत भारत’चे अंक, इतर वृत्तपत्रांतील बातम्या, नगरपालिकेचे ठराव, दाव्याचे कागद, सहभागींच्या आठवणी आणि जलशांतील गाणी.

तथापि सेल्माची आठवण टिकली ती केवळ त्या रात्रीच्या चित्रणामुळे नव्हे. हेन्री हॅम्प्टन यांनी बोस्टनमधील आपल्या ‘ब्लॅकसाइड’ या संस्थेमार्फत ‘आइज ऑन द प्राइझ’ ही मालिका केली. तिचे सहा भाग १९८७ मध्ये आणि पुढचे आठ भाग १९९० मध्ये प्रसारित झाले. या मालिकेची शिस्त लक्षात घेण्यासारखी आहे. घटनेवर भाष्य करण्यासाठी तज्ज्ञांना बसवायचे नाही, ज्याने ती पाहिली किंवा घडवली त्यालाच बोलते करायचे, हा तिचा दंडक होता. त्यात मोर्चेकरी होते तसे सेल्माचे तत्कालीन गोरे महापौर जो स्मिदरमनही होते. विरोधकाला त्याची बाजू त्याच्याच तोंडून मांडू दिल्यामुळे अन्यायाची यंत्रणा कशी चालते हे प्रेक्षकाला आपोआप समजले. शिवाय नेत्यांइतकीच जागा शिक्षक, विद्यार्थी, मोलकरणी आणि धर्मोपदेशक यांना मिळाली. चळवळ म्हणजे एका महापुरुषाचे भाषण नव्हे, हे त्या मालिकेने दाखवून दिले.

मराठी पडद्याचा प्रवास नेमका उलटा झाला. डॉ. जब्बार पटेल यांचा २००० मधील ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा परिश्रमपूर्वक केलेला चित्रपट होता आणि मामुटी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तो कथाचित्रपट होता. २०१९ मध्ये सुरू झालेली ‘महामानवाची गौरवगाथा’ ही दैनंदिन मालिका घरोघरी पोहोचली. मात्र गौरव हे तिच्या नावातच होते. २०१२ मध्ये ‘हिस्टरी टीव्ही १८’ने आणखी काही माध्यमसंस्थांबरोबर घेतलेल्या ‘दि ग्रेटेस्ट इंडियन’ या उपक्रमात डॉ. आंबेडकरांना प्रथम स्थान मिळाले. त्यातही भर होता तो मतांवर. माहितीपटाच्या अंगाने मोठे काम झाले ते आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये. रमाबाई आंबेडकर नगरातील १९९७ च्या गोळीबारापासून सुरू झालेले हे चित्रण चौदा वर्षे चालले आणि २०११ मध्ये पूर्ण झाले. पण असे काम एका दिग्दर्शकाच्या चिकाटीवर उभे राहते; कोणत्याही वाहिनीच्या वार्षिक नियोजनात ते नसते.

परिणामी महाडच्या पटावरून नायक सोडून बाकी सारे पुसट होतात. परिषदेसाठी धडपडलेले आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेलेले मोरे, आपल्याच जातीचा रोष पत्करणारे टिपणीस आणि चित्रे, जागा देणारे फत्तेखान, त्याआधीच्या पिढीत ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांची ओळख अभ्यासकांपुरती राहते. याच महाड तालुक्यातील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय मंत्रिपदावरून दूर झाले. पोलादपूरला शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. दोन तालुक्यांच्या परिसरात इतकी चरित्रे सापडतात, पण पडद्यावर येते ते बहुधा पोशाखी नाट्यच.

मग महाड-पोलादपूर दूरचित्रवाणीवर दिसते केव्हा? २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली तेव्हा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला तेव्हा. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गाडले गेले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी आल्या तेव्हा. वाहिन्यांच्या गाड्या येतात, काही दिवस थांबतात आणि मंत्र्यांच्या दौऱ्यापाठोपाठ निघून जातात. २००५ च्याच ऑगस्टअखेरीस कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले होते. वर्षभरात स्पाइक ली यांचा चार भागांचा माहितीपट ‘एचबीओ’वर आला, शहर वादळाने बुडाले की बांध फुटल्यामुळे, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला. पाच वर्षांनी ली पुन्हा त्याच माणसांकडे गेले. महाडच्या पुराचेही असेच आहे. भरतीच्या वेळी डोंगरातले पाणी सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांतून उतरले की शहर तुंबते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नदीपात्रातला गाळ, भराव, डोंगरउतारावरची वस्ती, पुनर्वसनानंतरचे जगणे यांचा सलग पाठपुरावा पडद्यावर झालेला नाही.

अर्थात अमेरिकेचे सारेच अनुकरणीय आहे असे समजण्याचे कारण नाही. बर्न्स यांच्या १९९० मधील ‘दि सिव्हिल वॉर’ने कोट्यवधी प्रेक्षक खेचले; पण यादवीनंतर मुक्त गुलामांचे काय झाले याला तिने पुरेशी जागा दिली नाही, अशी टीका इतिहासकारांनी केली. ‘हिस्टरी’ वाहिनी तर इतिहास सोडून गहाणवटीच्या दुकानांकडे आणि परग्रहवासीयांकडे वळली. ‘आइज ऑन द प्राइझ’ची कहाणी आणखी बोलकी आहे. तिच्यात वापरलेल्या जुन्या चित्रणाच्या आणि गाण्यांच्या हक्कांची मुदत १९९० च्या दशकात संपली. हक्क पुन्हा विकत घेण्याइतका पैसा नसल्याने ही मालिका वर्षानुवर्षे प्रसारित होऊ शकली नाही; देणग्या मिळाल्यावर ती २००६ मध्ये पुन्हा दिसली. हॅम्प्टन १९९८ मध्येच निवर्तले होते. २०२५ मध्ये तर अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा मंजूर निधीच रद्द केला आणि तो वाटणाऱ्या महामंडळाने आपला कारभार आवरता घेण्याची घोषणा केली. १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली व्यवस्था अशी डळमळीत होऊ शकते, तर येथे जी व्यवस्था उभीच नाही तिच्याबद्दल काय बोलावे?

यातून महाडसाठी दोन धडे निघतात. पहिला, साधनांचा. कॅमेरा नव्हता ही सबब टिकणारी नाही. अमेरिकी क्रांतीच्या काळात तर छायाचित्रणाचाही शोध लागला नव्हता. बर्न्स यांनी पत्रे, नकाशे, चित्रे आणि प्रत्यक्ष भूमी यांवरच बारा तास उभे केले. महाडकडे याहून अधिक साहित्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनंद तेलतुंबडे यांच्या महाडवरील ग्रंथाने त्याची मांडणीही करून ठेवली आहे. सत्याग्रहाचे साक्षीदार आता नाहीत. मात्र १९५६ चे धर्मांतर पाहिलेले वृद्ध, पँथरचे कार्यकर्ते, २००५ आणि २०२१ मध्ये घरे गमावलेले ग्रामस्थ यांचे कथन आजही नोंदवता येईल. ही मुदत दरवर्षी आखडत चालली आहे.

दुसरा धडा मालकीचा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड अल्प किमतीत प्रकाशित केले. वसंत मून यांच्या संपादनाखालील त्या खंडांनी जगभरच्या संशोधनाला पाया दिला. दृक्श्राव्य साधनांसाठी अशीच सार्वजनिक तिजोरी हवी. १९४८ मध्ये स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. त्याच्या आणि दूरदर्शनच्या संग्रहातील महाराष्ट्रविषयक चित्रण अभ्यासकांना सहज आणि कायमचे खुले झाले पाहिजे. हॅम्प्टन यांच्या मुलाखती आज सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जपलेल्या आहेत आणि कुणालाही वाचता येतात. मुंबई विद्यापीठाला किंवा लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला असे काम हाती घेणे अशक्य नाही. लोणेरे तर महाडच्या शेजारचेच आहे.

अशा माहितीपटाची खरी कसोटी मात्र महाडमध्येच लागेल. ज्यांनी पाणी पिण्यासाठी मार खाल्ला त्यांचे आणि ज्यांनी तळे ‘शुद्ध’ केले त्यांचेही वंशज त्याच परिसरात राहतात. दोन्ही घरांत कॅमेरा नेऊन, आरोप न करता आणि काहीही न लपवता, प्रश्न विचारणे हे पुतळा उभारण्याहून अवघड काम आहे. शताब्दीच्या अंदाजपत्रकात रोषणाईची तरतूद होईलच. या अवघड कामासाठी किती तरतूद होते, त्यावरून महाराष्ट्राला महाड आठवायचे आहे की केवळ साजरे करायचे आहे, हे ठरेल.