उसाचे बिल आणि मोबाईलची किल्ली



मागच्या आठवड्यात गट कार्यालयात एक वयस्क सभासद आले. पहिली उचल खात्यात जमा झाली का, हे त्यांना पाहायचे होते. मोबाईल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "साहेब, तुम्हीच बघा. पिन मागे लिहेल आहे." कव्हर काढले तर चिठ्ठीवर आकडा होता, ८६०३२ आणि पुढे एक शून्य! उसाचा हा वाण शिवारात पोरासोरांच्याही तोंडी आहे. मग चोराला तो ठाऊक नसेल कशावरून?

मला हसू आले, पण बोलायला तोंड नव्हते. आमच्या कार्यालयातल्या संगणकाचा पासवर्डही कालपरवापर्यंत पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता आणि तो एकच चौघे वापरत होतो. त्याच संगणकात तुमच्या लागणीची नोंद आणि बँकेचा खाते नंबर असतो. आता तो बदलला आहे, प्रत्येकाचा वेगळा केला आहे.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे व्यवहार विश्वासावर चालतो. ते चांगलेच आहे. पण पिन न सांगणे म्हणजे अविश्वास नव्हे. धान्याच्या कोठीला कुलूप लावले म्हणून शेजारी रुसत नाही. माझे स्पष्ट मत आहे की पिन पुतण्याला नको, मोबाईल दुकानदाराला नको आणि आम्हा शेतकी खात्याच्या माणसांनाही नको.

मोठ्यांनाही हा फटका बसतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत चोर शिरले. दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. कुठे कुलूप फुटले नाही की कुत्रे भुंकले नाही. बँक मोठी, तिने धक्का सोसला. आपले मात्र वर्षाचे पीक एकाच खात्यात येते.

म्हणून एवढे करा. जन्मसाल, गट नंबर, गाडीचा नंबर पिनला लावू नका. पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले तर आपल्याला आठवतात, दुसऱ्याला सुचत नाहीत. घराला, खळ्याला आणि मोटरच्या पेटीला आपण एकच किल्ली ठेवत नाही, तसेच बँकेचा पासवर्ड दुसरीकडे वापरू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा बँकेच्या नावाने फाईल आली आणि तिच्या शेवटी एपीके असले, तर उघडू नका. ती मोबाईलमध्ये बसली की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतात. रोगट बेणे एकदा सरीत गेले की पुढे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नका. चार दिवस विचार करण्यात पैसा हातचा जातो. त्याच घटकेला १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. फसणाऱ्याने लाजायचे कारण नाही, लाजायचे ते फसवणाऱ्याने.

ते वयस्क सभासद जाताना चिठ्ठी फाडून गेले. नवा पिन त्यांनी मला सांगितला नाही. मला बरे वाटले.

— ऊस विकास अधिकारी