उचलता येणारा डोंगर

नाशिकच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तिचे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. नातवाला हाताशी धरून त्यांनी फळीवर छोटी रेल्वे मांडली, प्लास्टरचा डोंगर केला, त्यात बोगदा काढला. आठ दिवसांत गाडी नेमकी बोगद्यात घसरली. हात आत जाईना. शेवटी डोंगर फोडावा लागला. नातू रडला, आजोबा गप्प झाले. 'तेव्हापासून दोघंही त्या फळीकडे फिरकत नाहीत. काही करता येईल का?' असं ती विचारते.

येईल की! आमच्याकडेही हेच झालं होतं. दुसरा डोंगर आम्ही सुटा केला. गणपतीचं मखर सुटं करून ठेवतोच ना आपण, तसाच.

आधी मापं घ्या. या छंदातलं सर्वांत रूढ माप एच. ओ., म्हणजे खऱ्या गाडीचा ८७ वा भाग. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. अशा गाडीसाठी बोगदा रुळापासून निदान ८ सेंटिमीटर उंच हवा. वळणावर रुंदी जास्त लागते, कारण लांब डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. सर्वांत लांब डबा हातानं ढकलून बघा, मगच भिंत कुठे ते ठरवा.

रुळाच्या दोन्ही अंगांना पातळ प्लायची एकेक पट्टी ठेवा आणि त्या प्लायच्याच कमानींनी जोडा. टोकाच्या दोन कमानी म्हणजे बोगद्याची तोंडं. वर पुठ्ठ्याच्या पट्ट्या टोपलीसारख्या विणा. त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन-चार थर द्या. प्रत्येक थर खडखडीत वाळू द्या. कणकेची खळ नको, झुरळं आणि कसर लागते. थर्माकोल वापरलात तर रबराचा डिंक किंवा फवाऱ्याचा रंग लावू नका, थर्माकोल विरघळतो. प्लास्टरही जाड नको. वजन वाढतं आणि उचलताना तडे जातात.

खरी युक्ती पुढेच आहे. हे सारं करताना फळीवर आणि रुळांवर प्लास्टिक पसरा. कागद ओला असतानाच डोंगराची कड त्यावर दाबून बसवा. वाळली की ती फळीला अगदी बेतून दिल्यासारखी बसते, पण चिकटत नाही. मग फळीत दोन लाकडी खुंट्या आणि प्लायच्या पट्टीत त्यांची भोकं करा. डोंगर दर वेळी जागच्या जागी बसेल. मागच्या बाजूला बोटं जातील अशा खाचा ठेवा, नाहीतर मुलं झाडाला धरून उचलतात!

वर हिरवा रंगवलेला, मैद्याच्या चाळणीनं चाळलेला लाकडाचा भुसा चिकटवा. सांध्यावर वाळक्या घोसाळ्याच्या जाळीची रंगवलेली झुडपं नुसती ठेवून द्या. फट दिसणार नाही.

आठवड्यातून एकदा डोंगर उचलून रूळ कोरड्या फडक्यानं पुसा. गाडीला वीज रुळांतूनच मिळते, त्यामुळे धूळ साचली की ती अडखळते.

आणि हो, फोडलेल्या डोंगराचे तुकडे टाकले नसतील तर ते कडे-कपारी म्हणून नव्या डोंगरावर बसवा. मात्र थोडेच, वजन वाढायला नको.

पण हे सगळं तुम्ही करून देऊ नका. प्लायच्या पट्ट्या तेवढ्या आणून ठेवा. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर बोगदा एकच आहे. 'तसाच एक बोगदा करायचाय, माप सांगता का?' असं मामंजींना विचारा. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस माप सांगायला उठल्याशिवाय राहायचा नाही. नातू मागोमाग येईलच.