खातो, पण कामं करतो

आमच्या पारावर एक वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. पुढारी बदलले, झेंडे बदलले, पारावरची निम्मी माणसं मसणात गेली, पण वाक्य तेच. "खातो, पण कामं करतो." म्हणणारा वर असा हसतो, जणू जगाचं सगळं शहाणपण त्याच्याच धोतराच्या सोग्याला बांधलंय. मला या वाक्याची चीड येते. महाराष्ट्रात खाणाऱ्यांची जी परंपरा चाललीय, ती याच वाक्यानं पोसलीय.

मी दहावीपर्यंत शिकलो, पण बेरीज-वजाबाकी येते. तेव्हा हिशेबच मांडतो.

1980 साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. धडाडीचा माणूस. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या त्यांचं नाव घ्यायच्या. म्हणजे कामं केली, नाही कशाला म्हणू? पण तेव्हा सिमेंट कंट्रोलचं होतं, परमिटाशिवाय पोतं मिळायचं नाही. मुंबईतल्या बिल्डरांनी त्यांच्या ट्रस्टला देणग्या दिल्या आणि सिमेंटचा कोटा उचलला. 1981 साली पेपरात भांडं फुटलं. जानेवारी 1982 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांची गाठ दाखवून दिली, तेव्हा खुर्ची सुटली.

त्याच सुमाराला आमच्या अण्णांना विहीर बांधून काढायची होती. दगड घडवून बांधावर रचलेले. परमिटासाठी तालुक्याला इतके हेलपाटे घातले की एका वहाणेचा अंगठा तुटला. परमिट निघालं नाही. पावसाळ्यात एका बाजूची दरड विहिरीत बसली आणि दोन वर्षं मळा कोरडा राहिला. मुंबईच्या सिमेंटचा आणि आमच्या विहिरीचा सरळ धागा मी दाखवू शकत नाही. पण तुटपुंज्या मालाची वाटणी पैशावर व्हायला लागली, की बिनपैशाचा माणूस रांगेत मागं सरकतो, एवढं कळायला कोर्ट लागत नाही.

पुढं बघा. 1986 मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना लेकीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात कोर्टाचे ताशेरे बसले, पद गेलं. 1999 मध्ये मनोहर जोशी गेले. पुण्यात शाळेसाठी राखून ठेवलेली जागा मोकळी झाली आणि तिथं जावयाची इमारत उभी राहिली. हायकोर्टानं ती परवानगीच रद्द केली. 2010 मध्ये 'आदर्श'. कारगिलच्या जवानांचं नाव पुढं केलेल्या कुलाब्याच्या त्या इमारतीत मुख्यमंत्री अशोक चव्हाणांच्या नातेवाइकांचे फ्लॅट निघाले, राजीनामा द्यावा लागला.

आता वजाबाकी. या चौघांचं गेलं काय? अंतुल्यांचा खटला वरच्या कोर्टात वर्षानुवर्षं फिरला, शिक्षा झाली नाही, 1995 साली ते दिल्लीत मंत्री झाले. निलंगेकर पुन्हा राज्यात मंत्री झाले. जोशी लोकसभेचे अध्यक्ष झाले. चव्हाणांवर खटला भरायची राज्यपालांची परवानगी हायकोर्टानं 2017 मध्ये रद्द केली, आणि 2024 मध्ये ते पक्ष बदलून राज्यसभेत गेले. काँग्रेस म्हणू नका, शिवसेना म्हणू नका, भाजप म्हणू नका. राजीनामा ही शिक्षा नाहीच. नांगर सोडून बैल घटकाभर सावलीला बांधावा, तसलं ते आहे. ऊन उतरलं की पुन्हा जुंपायचा.

"कामं करतो" म्हणणाऱ्यांनी पाण्याचंही बघावं. 2012 साली सरकारच्याच आर्थिक पाहणीतले आकडे गाजले. दहा वर्षांत ओलिताखालचं क्षेत्र जेमतेम 0.1 टक्का वाढलं आणि सिंचनावर 70,000 कोटींच्या आसपास खर्च झाले. आरोप झाले, श्वेतपत्रिका निघाली, आकड्यांवर वाद झाले. उपमुख्यमंत्र्यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते त्याच खुर्चीवर परत बसले. कुणी किती खाल्लं ते देव जाणे नि कोर्ट जाणे. पण आमच्या शिवारातून कालव्याची चारी खणून तिच्यात बाभळी वाढल्यात, त्या मी रोज बघतो. त्यांना पाणी पावसाचंच.

म्हणून सांगतो, "खातो, पण कामं करतो" हे वाक्यच खोटं आहे. खाल्लं जातं ते कामच असतं. वर खाल्लं की खाली झिरपतं. फेरफाराची नोंद घ्यायला बसलेला माणूस पैसे मागतो आणि वर म्हणतो, "मलाबी वर द्यावं लागतं, काका." तो खोटं बोलत नसेल, हीच तर भीती आहे.

आणि आपला न्याय कसा? सालगड्यानं पायलीभर ज्वारी लपवली तर त्याला पंचासमोर उभा करतो, पोराबाळांसकट गावाबाहेर काढतो. पेरायला दिलेलं बी निम्मं विकून आला, तर "कामसू आहे, राहू द्या" असं कुणी म्हणत नाही. मग हेच वाक्य आमदाराच्या दारात कसं काय सुचतं? गरिबाची पायली दिसते, मोठ्याची कणगी दिसत नाही.

"सगळेच खातात" म्हणाल, तर तेही खोटं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. एसटीनं हिंडले, दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी जन्मभर भांडले, आणि स्वच्छ हातानं गेले. म्हणजे न खाताही कामं होतात, आणि न खाणाऱ्याला लोक अकरा अकरा वेळा निवडूनही देतात. तिथल्या शेतकऱ्याला जे जमलं ते आपल्याला का जमू नये?

तेव्हा पारावर पुन्हा ते वाक्य निघालं, तर हसून मान डोलवू नका. विचारा, बाबा, खाल्लं कुणाचं? चारी आपली, शाळा आपली, सिमेंट आपलं. 2005 पासून दहा रुपयांच्या अर्जावर रस्त्याचं, चारीचं बिल मागता येतं. ते मागा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. मुख्यमंत्री काही उद्या हलणार नाही. पण खाणाऱ्याला कामाचा माणूस म्हणायची लाज गावात आधी आली, तरच ती कधीतरी मुंबईला पोचंल.